इंजिन बसले, आता वॉरंटीचे काय?

(शेतकी विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते, खोडवा आणि पाचट यांविषयी लिहितो. या अंकात ट्रॅक्टरच्या इंजिनाविषयी लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याने इंजिनात नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. एक कारण असे की, हंगामात आमच्या गट ऑफिसात हुमणीच्या तक्रारी येत नाहीत तेवढ्या आता नव्या ट्रॅक्टरच्या येतात. दुसरे कारण सांगायला अवघड आहे, पण सांगितले पाहिजे. अशाच एका तक्रारीत आम्ही दिलेला सल्ला चुकला आणि त्याचा भुर्दंड एका सभासद बंधूंना सोसावा लागला.

हे सभासद आमच्या चांगल्या ओळखीचे. २०२२ च्या दसऱ्याला त्यांनी पन्नास हॉर्सपॉवरच्या वर्गातला नवा ट्रॅक्टर घेतला. बँकेचे कर्ज, दोन ट्रेलर, कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार आणि दहा कोयत्यांच्या टोळीला दिलेली उचल, असा सगळा पसारा त्या एका इंजिनावर उभा होता. जानेवारी २०२३ मध्ये मीटरवर ६१२ तास झाले असताना ट्रॅक्टर ओढीला कमी पडू लागला. ब्रीदरमधून धूर यायचा, रोज सकाळी ऑइल टाकावे लागायचे. पहिल्या दिवशीच बंद करायला हवा होता, पण हंगामात ट्रॅक्टर बंद ठेवायचे कोणाच्या मनात येते? एका पहाटे भरल्या खेपेनिशी चढावर इंजिन बसले ते बसलेच.

शोरूमचा सुपरवायझर आला. एअर क्लीनरचे भांडे काढून पाहिले, बोट फिरवले आणि म्हणाला, "धूळ गेलीय आत. तुम्ही एअर क्लीनर नीट ठेवला नाही. हे वॉरंटीत बसत नाही." कागदावर काही दिले नाही. दहा मिनिटांत गाडीला किक मारून गेला.

सभासद आमच्याकडे आले. "साहेब, टोळी फडात बसून आहे. तुटलेला ऊस वाळतोय. काय करू?" आमच्या डोळ्यांपुढे त्या वेळी फडातला ऊस होता, आणि वरून तोडणीचा प्रोग्रॅम कोलमडल्याबद्दल विचारणा होत होती. आम्ही म्हणालो, "दादा, आधी गाडी चालू करा. भांडण हंगाम संपल्यावर करू." त्यांनी ऐकले. गावच्या मिस्त्रीने इंजिन खोलले, क्रँक घासायला शहरात पाठवला, लायनर-पिस्टन नवे टाकले. बिल झाले १ लाख ३८ हजार. जुने लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे भंगारवाल्याने नेली.

हंगाम संपल्यावर त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. कंपनीचे उत्तर तीन वाक्यांत सांगता येईल. इंजिन आमच्या माणसासमोर खोलले नाही. दोष कारखानदारीचा होता हे दाखवणारा तज्ज्ञाचा अहवाल नाही. आणि दुसरी सर्व्हिस २५० ऐवजी ३३५ तासांवर झाली, तिसरी झालीच नाही. आयोगाने विचारले, खराब झालेले भाग कुठे आहेत? ते वितळून गेले होते. तक्रार फेटाळली गेली. आयोगाचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. समोर पुरावाच नव्हता. धूळ खरोखर त्यांच्या हलगर्जीने गेली की मुळातच काही दोष होता, हे आज कोणीही सांगू शकत नाही, कारण सांगणारा एकच साक्षीदार होता आणि तो आम्ही घाई करून भंगारात घालवला.

इंजिन स्वतः काय सांगते

वॉरंटीचा वाद म्हटला की लोक आधी वकील शोधतात. आमचे म्हणणे असे की, आधी इंजिन वाचता आले पाहिजे, निदान वाचणारा माणूस समोर पाहिजे. कारण इंजिन कशाने गेले याच्या खुणा आतल्या भागांवर राहतात आणि त्या वेगवेगळ्या असतात.

धुळीचेच घ्या. फडाच्या वाटेवरची बारीक धूळ म्हणजे बहुतांशी वाळूच. ती ऑइलात मिसळली की घासायची पेस्ट तयार होते. धूळ हवेच्या वाटेने गेली असेल तर वरची रिंग, लायनरचा वरचा भाग आणि हवेचा व्हॉल्व्ह आधी झिजतो. घाण ऑइलातून फिरली असेल तर बेअरिंगवर जास्त ओरखडे दिसतात. धूळ हवेच्या वाटेने गेली, एवढे ठरले तरी प्रश्न संपत नाही. एअर क्लीनरमधून गेली की एअर क्लीनरच्या पुढच्या पाइपातून? भांड्यातले ऑइल घट्ट चिखल झाले असेल तर दोष मालकाकडे जातो. पण भांडे स्वच्छ आहे आणि पुढच्या होज पाइपाच्या आतल्या बाजूला, क्लिपच्या जागेपासून धुळीची रेघ ओढल्यासारखी दिसते, तर क्लिप ढिली होती किंवा पाइप चिरलेला होता. मग ती क्लिप शेवटची कोणी बसवली हा प्रश्न येतो. म्हणजे 'धूळ गेली' या दोन शब्दांत वाद मिटत नाही, तिथून तो सुरू होतो. सुपरवायझरला दहा मिनिटांत हे कळते असे आम्हाला वाटत नाही.

इंजिन तापून गेले असेल तर सगळ्याच पिस्टनवर घासल्याच्या खुणा असतात, हेडची गॅस्केट उडालेली किंवा हेड वाकलेले मिळते. आपल्याकडे याचे मोठे कारण म्हणजे रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाचटाचा भुसा. कंपनीचा माणूस सर्वात आधी तीच जाळी पाहतो, हे ध्यानात ठेवा. पण जाळी स्वच्छ आहे, पाणी पुरेसे आहे, तरी इंजिन तापले, तर पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट तपासायला सांगावे. तीनपैकी एकच पिस्टन जळाला आणि बाकीचे दोन कोरे आहेत, तर त्या सिलिंडरच्या नोझलमधून डिझेल ठिबकत होते का हे पाहावे लागते. धूळ गेली असती तर तिघांमध्येही गेली असती. दांडीवर ऑइलची पातळी बरोबर आहे, ऑइल वेळेवर बदललेले आहे आणि तरीही बेअरिंग जळून क्रँक निळा पडला, तर ऑइल पंप किंवा ऑइलची वाट तपासल्याशिवाय मालकाला दोष देता येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ओढ वाढावी म्हणून डिझेल पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेण्याची पद्धत आपल्या भागात आहे. त्याने दोन ट्रेलर ओढले जातात हे खरे. पण इंजिन तापते आणि तुटलेले सील हे कंपनीच्या हातात आयते कोलीत मिळते. सील तुटलेले असेल तर आम्ही खाली सांगितलेले बाकी सगळे करूनही फारसा उपयोग होणार नाही.

तासांच्या मीटरचेही एक लक्षात येत नाही. काट्यापुढे नंबर लागेपर्यंत चार-चार तास ट्रॅक्टर चालू ठेवून आपण गप्पा मारतो. ते तास मीटरवर चढतात. खेपा थोड्या झाल्या म्हणून सर्व्हिस लांबली तरी चालेल असे वाटते आणि मीटर २५० च्या पुढे गेलेला असतो. पहिले सभासद ३३५ वर गेले ते असेच. गाडीतळावर इंजिन बंद करण्याची विनंती आम्ही डिझेलसाठी करीत होतो, आता याही कारणाने करतो.

दुसऱ्या सभासदांचे काय झाले

पुढच्याच, म्हणजे २०२३-२४ च्या हंगामात दुसऱ्या गटातल्या एका सभासदांवर तीच पाळी आली. फेब्रुवारी २०२४, मीटरवर ५४० तास, ब्रीदरला धूर आणि ऑइलचा खप वाढलेला. या वेळी आम्ही आधी ठेच खाल्लेली होती. त्यांना सांगितले, आता स्टार्टरला हात लावू नका. इंजिन पूर्ण बसायच्या आत बंद केले म्हणून क्रँक वाचला, ही नशिबाची गोष्ट.

त्यांनी त्याच जागी उभ्या ट्रॅक्टरचे फोटो काढले: मीटर, ऑइलची दांडी, एअर क्लीनरचे भांडे, पाइप आणि क्लिपा, रेडिएटरची जाळी, पंपाचे सील. मग दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून शोरूमला नेला आणि तिथे आत घेताना जॉब कार्डावर तास, ऑइलची पातळी आणि 'इंजिन न खोलता आणले' एवढे शब्द लिहून घेतले. शोरूमवाले का-कू करीत होते. "असं कुणी लिहून घेत नाही," म्हणाले. सभासद म्हणाले, "मग मी इथंच बसतो." दोन तास बसले, तेव्हा लिहून मिळाले.

त्याच दिवशी एक पत्र शोरूमला आणि तेच कंपनीला स्पीड पोस्टाने गेले. पत्र अर्ध्या पानाचेच होते. ट्रॅक्टर कधी घेतला, चेसिस व इंजिन नंबर, किती तास झाले, सर्व्हिस कोणत्या तारखांना झाल्या, काय बिघाड झाला, आणि इंजिन माझ्या समक्ष व मी आणीन त्या जाणकाराच्या समक्ष खोलावे, वॉरंटी नाकारायची असेल तर कारणासह लेखी नाकारावी, जुने भाग माझ्या सहीशिवाय हलवू नयेत. पत्रात शिव्या नाहीत, धमकी नाही. पोस्टाची पावती आणि पोच त्यांनी वॉरंटीच्या पुस्तिकेतच टाचून ठेवली.

इंजिन खोलायच्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर, शोरूमचा फिटर, स्वतः सभासद आणि तालुक्याच्या पॉलिटेक्निकमधले मेकॅनिकल शाखेचे एक मास्तर हजर होते. मास्तरांनी तीन हजार रुपये घेतले. एवढ्या खर्चात दुसरे काही इतके उपयोगी पडले असते असे वाटत नाही. खोलण्यापूर्वी चेंबरमधले अर्धा लिटर ऑइल दोन स्वच्छ बाटल्यांत काढून, त्यावर चिठ्ठी आणि सह्या करून एक बाटली कंपनीकडे, एक सभासदांकडे ठेवली. प्रयोगशाळेत ऑइल तपासले तर सिलिकॉनच्या प्रमाणावरून धूळ कळते. रेडिएटरचे पाणी किंवा डिझेल मिसळले असेल तर तेही कळते.

एअर क्लीनरचे भांडे ठीक निघाले. पाइप काढला तेव्हा मास्तरांनी सगळ्यांना जवळ बोलावले. क्लिप पाइपाच्या कडेवर तिरपी बसली होती, आणि तिथून आत धुळीची रेघ गेली होती. जॉब कार्डे पाहिली. अकरा दिवस आधी ५०० तासांच्या सर्व्हिसमध्ये शोरूमनेच तो पाइप बदलला होता. अशा फटीतून इंजिनाला काही दिवसांत रिंगांपर्यंत झीज होते, त्याला वर्ष लागत नाही. सगळ्यांच्या सह्यांचा पंचनामा झाला. कंपनीच्या इंजिनिअरने 'मान्य नाही' असा शेरा मारून का होईना, सही केली.

एवढे झाल्यावर सगळे सुरळीत झाले असेल असे वाटेल. तसे नाही. कंपनी म्हणाली, हा कारखानदारीचा दोष नव्हे, सर्व्हिसची चूक आहे, शोरूमला विचारा. शोरूम म्हणाले, आम्ही नीट बसवला होता, फडात हिसके बसून सरकला. दोघांच्या मध्ये ट्रॅक्टर उभा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली, नोटीस पाठवली, आणि अखेर तडजोड झाली. भाग फुकट, मजुरी शोरूमची, ऑइल आणि ओढून नेण्याचा खर्च सभासदांचा. सतरा दिवस टोळी बसून होती त्याचे काही मिळाले नाही. आयोगाकडे गेले असते तर कदाचित मिळाले असते, पण ते म्हणाले, "साहेब, मला हंगामात ट्रॅक्टर पाहिजे, निकाल नको." आम्हाला त्यांचे पटले. सगळ्यांना पटेलच असे नाही.

कायदा थोडक्यात

ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे काम तिथेच. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. नव्या कायद्याने एक मोठी सोय केली. शोरूम किंवा कंपनीचे ऑफिस कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वकील दिलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची. 'पुढच्या महिन्यात साहेब येणार आहेत, मग बघू' असे ऐकत बसलेल्या माणसाची मुदत कोणी थांबवत नाही.

तपासणी केल्याशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तशी तरतूदच आहे. इथे बियाण्याच्या एका खटल्याची आठवण होते. बियाणे महामंडळाच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शेतकरी हाही ग्राहक आहे, आणि त्याने तपासणीसाठी बियाणे मागे ठेवले नाही म्हणून त्याची तक्रार नाकारता येत नाही, कारण आणलेले बियाणे तो पेरून टाकणारच. ही सवलत बियाण्याला मिळाली. लायनर-पिस्टन कोणी पेरत नाही. ते आपल्या हातात असतात, म्हणून ते का ठेवले नाहीत याचे उत्तर आपल्याला द्यावे लागते.

कंपनीचा एक हमखास आक्षेप असतो. तुम्ही ट्रॅक्टर भाड्याने ऊस वाहण्यासाठी घेतला, म्हणजे धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. या आक्षेपाला भिऊन पुष्कळजण मागे फिरतात. कायद्यातच लिहिले आहे की, स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू धंद्यासाठी घेतली असे धरायचे नाही. १९९५ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने याची फोड केली आहे. मालक स्वतः राबतो आणि मदतीला एक-दोन माणसे आहेत, तर तो ग्राहक. वस्तू सर्वस्वी दुसऱ्याच्याच हाती चालवायला दिली, तर नाही. तेव्हा स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्याने, घरची शेती त्याच ट्रॅक्टरने करणाऱ्याने तक्रारीत ते स्पष्ट लिहावे. पाच ट्रॅक्टर ड्रायव्हरांवर सोडून देणाऱ्यांची वाट मात्र अवघड आहे.

मागायचे काय, हेही नीट ठरवावे. इंजिन गेले म्हणून सगळा ट्रॅक्टर बदलून द्या, असे रागाच्या भरात लिहिले जाते. २००६ साली एका मोटारगाडीच्या बिघडलेल्या क्लचच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे कबूल केलेले असेल तर तेवढेच मागता येते, अख्खी गाडी नव्हे. म्हणून आधी भाग किंवा इंजिन, मग केलेला खर्च, मग बंद दिवसांचे नुकसान, असे क्रमाने मागावे.

आणि तक्रार शोरूम व कंपनी दोघांवर करावी, पण कोणाची काय चूक हे वेगवेगळे लिहावे. गोव्यातील एका ग्राहकाला शोरूमने जुन्या सालची मोटार नवी म्हणून विकल्याचे प्रकरण होते. खालच्या आयोगांनी कंपनीलाही जबाबदार धरले होते. पण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला सोडले, कारण कंपनीचा त्यात हात होता हे तक्रारीत नेमके मांडलेले आणि सिद्ध केलेले नव्हते. आपल्या दुसऱ्या सभासदांना दोघांनी एकमेकांकडे कसे टोलवले ते वर सांगितलेच आहे.

काट्याच्या पावत्या

बंद दिवसांचे नुकसान दाखवायला आमच्याकडच्या वजन पावत्या उपयोगी पडतील का, असे सभासद विचारतात. पडतात. बिघाडापूर्वी महिनाभर रोज किती खेपा, किती टन, किती वाहतूक, हे त्यातून दिसते, आणि रीतसर अर्ज केल्यास शेतकी विभाग तसा उतारा देईल. पण तीच पावती दोन्ही बाजूंनी बोलते. वॉरंटीच्या पुस्तिकेत 'क्षमतेपेक्षा जास्त भार' हे वॉरंटी नाकारण्याचे कारण म्हणून छापलेले असते. दोन ट्रेलरचे वजन आपल्याच पावतीवर तारीख-वेळेसह लिहिलेले असते. कंपनीच्या वकिलाने ते मागवले तर कारखान्याला खोटे सांगता येणार नाही आणि आम्ही सांगणारही नाही. ट्रेलरवर चार मोळ्या जास्त चढवताना हेही हिशेबात धरा.

जीप, मोटार आणि पुराचे पाणी

हे सगळे जीप, पिकअप आणि मोटारगाडीलाही लागू आहे. एका बाबतीत मात्र वॉरंटीकडे जाण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आणि पुन्हा २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर पुष्कळांनी चालू होते का म्हणून चावी फिरवली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा ब्लॉक फुटतो. हा दोष वॉरंटीत येत नाही, आणि साध्या विम्यातही विमा कंपनी 'चावी फिरवल्यामुळे झालेले नुकसान' म्हणून हात वर करते. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण विम्यात जोडून घ्यावे लागते. नदीकाठच्या सभासदांनी पॉलिसी काढून ते आहे का पाहावे. आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी चावी न लावता ओढून न्यावी.

टायर, बॅटरी आणि बहुतेक वेळा डिझेल पंप यांची वॉरंटी ते भाग बनवणाऱ्यांची असते. त्यांची कार्डे वेगळी मिळतात आणि ती पूजेच्या दिवशी नारळाच्या पिशवीतच राहून जातात, असा आमचा अनुभव आहे. ट्रॅक्टरची वॉरंटी दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत सांगितली जाते. पण शेवटच्या वर्षांत कोणते भाग धरलेले आहेत ते सेल्समनला न विचारता पुस्तिकेत वाचावे. इंग्रजी अडत असेल तर पुस्तिका घेऊन गट ऑफिसात या, आम्ही बसून वाचून देऊ.

पहिल्या सभासदांकडे आम्ही मागच्या महिन्यात गेलो होतो. कर्जाचे हप्ते त्यांनी थकू दिले नाहीत, पण १ लाख ३८ हजारांसाठी सोसायटीचे वेगळे कर्ज काढावे लागले, ते अजून फिटायचे आहे. आमचा सल्ला चुकला हे आम्ही त्यांना सांगितले. "तुमच्या डोळ्यांपुढे ऊस होता साहेब, माझ्याही," एवढेच ते म्हणाले, आणि चहा सांगितला.

वर सांगितलेल्या पत्राचा नमुना, जॉब कार्डावर लिहून घ्यायचे शब्द आणि पंचनाम्याचा कोरा कागद छापून सर्व गट ऑफिसांत ठेवला आहे. तोडणी-वाहतुकीचा करार करायला याल तेव्हा प्रत्येकी एक प्रत मागून घ्यावी आणि ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावी. रात्री-अपरात्री इंजिन बंद पडले तर चिटबॉयकडे निरोप द्यावा. दुसरा ट्रॅक्टर मिळवून टोळीचा ऊस उचलण्याची व्यवस्था आम्ही करू, म्हणजे घाईने इंजिन खोलण्याची वेळ येणार नाही.